पाच पोकळ्यांचा गाभा : ॲल्युमिनियम फोम सँडविच तुळईची चाचणी आणि तिचे सिम्युलेशन

ॲल्युमिनियम फोमचा २० मिमी जाडीचा गाभा, त्याच्या वर आणि खाली चिकटवलेला १ मिमी जाडीचा अर्धकठीण ॲल्युमिनियमचा पत्रा, रुंदी ४० मिमी, दोन आधारांमधील अंतर २०० मिमी आणि प्रत्येक आधाराच्या बाहेर २५ मिमी लोंबता भाग, अशी एक लहान तुळई या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. तिच्या मध्यावर १० मिमी रुंदीच्या सपाट पोलादी ठोकळ्याने भार द्यायचा, ती कोणत्या भाराला आणि कशी कोसळते ते पाहायचे, आणि सिम्युलेशनने तेच उत्तर आधी दिले होते का ते तपासायचे, एवढेच काम आहे. तुळई मी या लेखासाठी कागदावर आखलेली आहे आणि खालील भार हाताने काढलेले आहेत. फोमचे गुणधर्म आणि वर्तन मात्र गेल्या पंचवीस वर्षांत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमधून घेतलेले आहे. तुळईची मापे अशी निवडली आहेत की या विषयातील बहुतेक सर्व अडचणी तिच्यात एकाच वेळी समोर याव्यात. प्रयोगशाळेतल्या तुळयांची मापेही साधारण याच पल्ल्यातली असतात, त्यामुळे ही निवड फारशी कृत्रिमही नाही.

गाभ्यासाठी अल्पोरास या जातीचा फोम धरला आहे. जपानमधील शिंको वायर या कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीत वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे दीड टक्का कॅल्शियम घालून तो घट्टसर केला जातो, मग साधारण तेवढ्याच प्रमाणात टायटॅनियम हायड्राइड मिसळले जाते. उष्णतेने त्यातून हायड्रोजन सुटतो, धातू फुगतो आणि साच्यातच गोठवला जातो. तयार होणारा ठोकळा सुमारे दोन मीटर लांबीचा असतो व त्याचे काप करून पाट्या काढल्या जातात. पोकळ्या बंद असतात, त्यांचा व्यास साधारण ३ ते ५ मिमी असतो, आणि फोमची घनता घन ॲल्युमिनियमच्या आठ ते दहा टक्के भरते. दाबाखाली पहिल्यांदा कोसळण्याचे प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचे बल) मी १.५ मेगापास्कल धरले आहे आणि कर्तन दृढांक, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या बलाविरुद्धचा ताठपणा, ३०० मेगापास्कल. या जातीसाठी दोन्ही आकडे नेहमीच्या पल्ल्यातले आहेत. पत्र्याचे यील्ड प्रतिबल, म्हणजे ज्याला तो कायमचा वाकू किंवा ताणू लागतो ते प्रतिबल, १०० मेगापास्कल आणि पोकळीचा सरासरी व्यास ४ मिमी घेऊ. म्हणजे गाभ्याच्या जाडीत पोकळ्यांचे पाच थर बसतात. हा पाचाचा आकडा लक्षात असू द्यावा, कारण पुढची जवळजवळ सगळी गुंतागुंत त्यातून निघते.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर वजनात आहे. फोमची घनता दर घनसेंटिमीटरला पाव ग्रॅम धरल्यास या सँडविचचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०.४ किलो होते, त्यात पत्र्यांचे ५.४ आणि गाभ्याचे ५. वाकण्याला तेवढाच ताठ असा घन ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यायचा झाला तर त्याची जाडी १३.८ मिमी लागते आणि वजन ३७ किलोच्या वर जाते. अर्थात ही तुलना फक्त वाकण्याच्या ताठपणाची आहे. गाभ्याच्या कर्तनामुळे येणारा झोल तिच्यात धरलेला नाही, आणि तो किती मोठा असतो हे पुढे येईलच.

तुळई कोसळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात पत्रा स्वतः यील्ड होतो: वरचा पत्रा दाबाने, खालचा ताणाने, आणि मध्यावर बिजागरी, म्हणजे कायमची दुमडणारी जागा, तयार होते. दुसऱ्यात गाभा कर्तनाने घसरतो आणि पत्रे त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते वाकतात. तिसऱ्यात भार देणारा ठोकळा वरच्या पत्र्यासकट फोममध्ये रुततो आणि तुळईचा बाकीचा भाग जवळपास सरळच राहतो. तिन्ही मार्गांचे भार आदर्श प्लास्टिक पदार्थ धरून, आतल्या बिजागऱ्यांमध्ये आणि चिरडलेल्या फोममध्ये खर्च होणारे काम मोजून काढता येतात. पत्र्याच्या यील्डसाठी १६८० न्यूटन येतात आणि गाभ्याचा स्वतःचा हातभार धरला तर १८००. गाभ्याच्या कर्तनासाठी, कर्तन ताकद दाबाच्या ताकदीच्या दोन-तृतीयांश म्हणजे १ मेगापास्कल धरून, गाभ्याचे १६०० आणि पत्र्यांमधील बिजागऱ्यांचे ८० मिळून पुन्हा १६८० न्यूटन येतात. ठोकळा रुतण्यासाठी वरचा पत्रा वाकवण्याचे ९८० आणि ठोकळ्याखालचा फोम चिरडण्याचे ६००, एकूण १५८०.

तीन आकडे एकमेकांच्या चौदा टक्क्यांत आले आहेत. सर्वांत हलकी तुळई शोधायला निघालेला आराखडाकार अनेकदा अशा ठिकाणी येऊन पोहोचतो, कारण एका मार्गासाठी लागते त्यापेक्षा जास्त ताकद दुसऱ्या मार्गात ठेवणे म्हणजे फुकटचे वजन वाहणे. केंब्रिज विद्यापीठात चेन, हार्ट आणि फ्लेक यांनी २००१ मध्ये याच प्रकारच्या तुळयांचे कोसळण्याचे नकाशे प्रसिद्ध केले, ज्यांत तुळईची मापे अक्षांवर घेऊन कोणता मार्ग कुठे राज्य करतो ते दाखवले आहे. किमान वजनाचा शोध अशा नकाशावर अनेकदा दोन राज्यांच्या सीमेवर किंवा सीमेजवळ येऊन थांबतो. सीमेवरच्या तुळईला कोणता मार्ग धरायचा हे ठरवायला दहा टक्क्यांचा फरक पुरतो, आणि धातूच्या फोममध्ये दहा टक्के म्हणजे काहीच नाही. सच्छिद्र पदार्थांचे अभ्यासक गिब्सन आणि ॲश्बी यांच्या नियमानुसार फोमची ताकद सापेक्ष घनतेच्या (फोमची घनता भागिले घन धातूची घनता) दीडाव्या घाताने बदलते आणि दृढांक वर्गाने, त्यामुळे घनता दहा टक्क्यांनी वाढली की ताकद पंधरा टक्क्यांनी वाढते आणि दृढांक एकवीस टक्क्यांनी. फुगताना द्रव धातू खाली झिरपत असल्याने मोठ्या ठोकळ्याच्या तळाजवळचे काप वरच्या कापांपेक्षा जड निघतात. म्हणून कोणतीही चाचणी करण्याआधी प्रत्येक नमुना वजन करून त्याची घनता त्याच्या अंगावर लिहून ठेवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

आता तुळई यंत्रावर ठेवली आणि १५८० न्यूटनच्या आसपास भार-विस्थापनाची रेषा आडवी झाली असे समजा. कर्तन ताकदीचे प्रचलित सूत्र म्हणजे अमेरिकी मानक (एएसटीएम) सी ३९३ मधील सूत्र: भार भागिले (तुळईची एकूण जाडी आणि गाभ्याची जाडी यांची बेरीज गुणिले रुंदी). एकूण जाडी २२, गाभा २०, रुंदी ४०, उत्तर ०.९४ मेगापास्कल येते. हे उत्तर अत्यंत विश्वासार्ह दिसते. अपेक्षेच्या जवळ आहे, फोमच्या नेहमीच्या पल्ल्यात आहे, सूत्र मानकातले आहे. तरीही ते गाभ्याची कर्तन ताकद नाही, कारण गाभा कर्तनाने कोसळलाच नाही, ठोकळा रुतला. मानकात हे स्पष्ट सांगितलेले आहे की गाभा कर्तनाने किंवा पत्रा-गाभ्याचा जोड सुटून निकामी झाला असेल तरच निकाल कर्तन ताकद म्हणून ग्राह्य धरावा. अन्यथा हाती येते ती फक्त एक खालची मर्यादा: ताकद निदान एवढी तरी आहे. आडव्या रेषेकडे पाहून हा फरक कळत नाही. तुळई यंत्रावरून काढून ठोकळ्याखाली खळगा आहे का हे बोट फिरवून पाहावे लागते, किंवा मधल्या काही नमुन्यांची चाचणी आडवी रेषा सुरू होताच थांबवून त्यांचे वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या यंत्राने) उभे छेद घ्यावे लागतात. बँडसॉने छेद घेतल्यास पोकळ्यांच्या भिंती दुमडतात आणि चाचणीने झालेले नुकसान कोणते व करवतीने केलेले कोणते हे ओळखता येत नाही.

मग हा ०.९४ सिम्युलेशनमध्ये घातला जातो. पदार्थ-नमुना (पदार्थाच्या वागण्याचे गणिती सूत्र) खराखुरा, मेश (तुळईची लहान घटकांत केलेली विभागणी) बारीक, संपर्काच्या अटी नीट, आणि सिम्युलेशनमधील तुळई १५८४ च्या आसपास कर्तनाने कोसळते: गाभ्याचे १५०४ आणि बिजागऱ्यांचे ८०. चाचणी आणि सिम्युलेशनच्या रेषा एकमेकींवर बसतात. अहवाल लिहिला जातो. मार्ग मात्र चुकीचा आहे, आणि उद्या ठोकळा रुंद केला की चाचणीचा भार वाढेल, सिम्युलेशनचा जागच्या जागी राहील. दोन रेषा जुळल्या हा पुरावा कमी आहे असे मला नेहमी वाटते. कोणत्या जागी काय वाकले आणि काय चिरडले हे जुळणे त्याहून वजनदार पुरावा आहे.

सिम्युलेशनमध्ये फोमसाठी कोणता पदार्थ-नमुना घ्यायचा या प्रश्नाला बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर २००० सालापासून उपलब्ध आहे. देशपांडे आणि फ्लेक यांनी अल्पोरास आणि उघड्या पोकळ्यांचा ड्युओसेल या दोन फोमवर अनेक अक्षांमध्ये भार देऊन चाचण्या केल्या आणि असे मांडले की घन धातूप्रमाणे फक्त आकार बदलवणारे प्रतिबल फोमला यील्ड करत नाही, सर्व बाजूंनी सारखा दाबही त्याला चिरडतो. दोघांचा मिळून लंबवर्तुळासारखा यील्ड पृष्ठभाग होतो आणि त्याचा आकार एका अंकाने ठरतो. हा अंक प्लास्टिक पॉइसन गुणोत्तराशी बांधलेला आहे, म्हणजे फोम दाबला असता बाजूंना किती फुगतो याच्याशी. फोम अजिबात फुगत नसेल तर अंक २.१२ येतो, त्या स्थितीत सर्व बाजूंच्या सारख्या दाबाखाली फोम एकअक्षीय ताकदीच्या ५८ टक्क्यांना चिरडतो आणि शुद्ध कर्तनात ७१ टक्क्यांना यील्ड होतो. वर हाताच्या हिशोबात घेतलेले दोन-तृतीयांश याच्या शेजारचेच आहेत. एलएस-डायना या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नमुना १५४ क्रमांकाने मिळतो, आणि अबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधील चिरडणाऱ्या फोमचा सारख्या दृढीकरणाचा पर्याय त्याच कुळातला आहे.

याउलट, फोमला नेहमीच्या पोलादासारखे व्हॉन मिसेसच्या नियमाने, म्हणजे फक्त आकार बदलवणारे प्रतिबल मोजणाऱ्या नियमाने, वागवले तर काय होते ते आपल्या तुळईवर पाहण्यासारखे आहे. कर्तन ताकद एकअक्षीय ताकदीच्या ५८ टक्के, म्हणजे ०.८७ मेगापास्कल होते आणि कर्तनाचा भार १४७० न्यूटनच्या जवळ उतरतो. त्याच वेळी ठोकळ्याखालचा पदार्थ आता आकारमान गमावू शकत नाही, त्याला बाजूंना सरकून जागा करून द्यावी लागते आणि आजूबाजूचा पदार्थ त्याला अडवतो. त्यामुळे रुतण्याचा भार कृत्रिमपणे वाढतो. एक मार्ग खाली गेला, दुसरा वर गेला, आणि चौदा टक्क्यांच्या पट्ट्यात उभी असलेली तुळई खात्रीने कर्तनाच्या बाजूला ढकलली गेली. फोमला दाबले की तो जागच्या जागी बसतो, लाकडी भुशासारखा. हा एक गुण सिम्युलेशनमध्ये नसेल तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

या नमुन्याला खाद्य म्हणून दाबाच्या चाचणीची रेषा लागते आणि तिथे दोन खड्डे आहेत. आंतरराष्ट्रीय मानक १३३१४ सच्छिद्र धातूंच्या दाब चाचणीसाठी २०११ मध्ये आले. त्यात पठार-प्रतिबल म्हणजे २० ते ३० टक्के किंवा २० ते ४० टक्के विकृतीच्या (मूळ उंचीच्या तुलनेत झालेल्या दबण्याच्या) दरम्यानचे सरासरी प्रतिबल. ऊर्जा शोषणाच्या कामाला हा आकडा योग्य आहे, पण आपली तुळई कोसळायला सुरुवात होते तेव्हा गाभ्यातील विकृती एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. फोम हळूहळू दृढ होत जातो, म्हणून पठाराची सरासरी सुरुवातीच्या ताकदीपेक्षा जास्त भरते, आणि तीच सुरुवातीची ताकद म्हणून घातली की कर्तनाचे व रुतण्याचे दोन्ही भार फुगतात.

दुसरा खड्डा दृढांकाचा. दाबाच्या रेषेचा सुरुवातीचा उतार हा फोमचा लवचीक दृढांक नसतो. भार वाढू लागताच सर्वांत दुबळ्या पोकळ्यांच्या भिंती स्थानिक पातळीवर यील्ड होऊ लागतात, कापलेल्या पृष्ठभागावरच्या अर्धवट भिंती बसतात, आणि उतार खऱ्यापेक्षा मंद दिसतो. मधेच भार थोडा उतरवून पुन्हा चढवला तर उतरणीचा उतार बराच तीव्र निघतो आणि तोच वापरावा. आपल्या तुळईत याचा परिणाम किती? १००० न्यूटनला वाकण्यामुळे ०.२७ मिमी आणि गाभ्याच्या कर्तनामुळे ०.१९ मिमी झोल येतो, एकूण ०.४६. म्हणजे झोलाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गाभ्यातला आहे. चढत्या उतारावरून घेतलेला दृढांक खऱ्याच्या निम्मा असेल, तर सिम्युलेशनमधील झोल ०.६५ मिमी होतो, चाचणीच्या जवळजवळ दीडपट. अशा वेळी काही जण मेशकडे, काही जण चिकटवण्याच्या थराकडे बोट दाखवतात. खरे तर प्रयोगशाळेतली मूळची नोंद पुन्हा काढून तिच्यात भार उतरवलेला एखादा टप्पा आहे का, एवढे पाहावे. झोल क्रॉसहेडच्या (यंत्राच्या भार देणाऱ्या सरकत्या दांडीच्या) हालचालीवरून मोजला असेल तर त्यात यंत्राचा आणि आधारांचाही झोल मिसळलेला असतो, म्हणून खालच्या पत्र्याच्या मध्याखाली डायल गेज किंवा एक्स्टेन्सोमीटर असलाच पाहिजे.

आता पाच पोकळ्यांकडे. वरच्या सर्व हिशोबात फोम हा एकसंध पदार्थ धरला आहे, आणि देशपांडे-फ्लेक नमुनाही तेच धरतो. त्याच्या समीकरणांत पोकळीचा व्यास कुठेच येत नाही. अँड्र्यूज, गिब्सन, ऑन्क आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नमुन्याच्या आकाराचा परिणाम मोजला. दाबाच्या चाचणीत नमुना पोकळीच्या तुलनेत लहान झाला की ताकद आणि दृढांक दोन्ही कमी भरतात, आणि नमुना पुरेसा मोठा होईपर्यंत वाढत जाऊन स्थिरावतात. कारण सरळ आहे: कापलेल्या बाजूंवर उघड्या पडलेल्या पोकळ्यांच्या भिंतींना पलीकडून आधार नसतो, त्या भार घेत नाहीत, आणि नमुना लहान असेल तर अशा निरुपयोगी भिंतींचे प्रमाण वाढते. म्हणूनच १३३१४ मानक नमुन्याची प्रत्येक बाजू सरासरी पोकळीच्या निदान दहापट मागते. आपल्या फोमसाठी ते ४० मिमी होतात, आणि गाभा तर २० मिमीचाच आहे. म्हणजे तुळईच्या गाभ्यातून मानकाला मान्य असा दाबाचा नमुना कापताच येत नाही. तो दुसऱ्या, जाड पाटीतून कापावा लागतो, आणि दुसरी पाटी म्हणजे दुसरी घनता. गाभ्याच्याच पाटीचे २० मिमीचे घन कापून दाबले तर उत्तर कमी येते आणि तो कमीपणा फोमचा नसून करवतीचा असतो.

कर्तनात मात्र दिशा उलटते. पत्र्याला चिकटलेल्या फोमच्या पोकळ्यांना पत्रा धरून ठेवतो; त्यांच्या भिंती मोकळ्या वाकू शकत नाहीत. गाभा जितका पातळ, तितका या धरून ठेवलेल्या थराचा वाटा मोठा, आणि कर्तन ताकद वाढते. चेन, हार्ट आणि फ्लेक यांनाही हेच आढळले: कोसळण्याचे मोजलेले भार साध्या सूत्रांशी आणि सिम्युलेशनशी एकंदरीत चांगले जुळले, पण गाभा कर्तनाने कोसळणाऱ्या तुळयांमध्ये पोकळीच्या तुलनेत गाभा जसा पातळ होत गेला तशी त्याची कर्तन ताकद वाढत गेली. ठोकळा रुतण्यातही तसेच घडते. पोकळीच्या तुलनेत लहान ठोकळा रुतताना त्याच्या कडेने पोकळ्यांच्या भिंती फाडाव्या लागतात, आणि ठोकळा जितका लहान तितका हा कडेचा वाटा मोठा.

आपल्या तुळईत रुतण्याच्या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते, जी मी प्रथम लिहून पाहिली तेव्हा मला थोडी थांबवून गेली. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना वरचा पत्रा किती लांबीवर वाकतो हे सूत्रच सांगते: पत्र्याची जाडी गुणिले पत्रा आणि फोम यांच्या ताकदींच्या गुणोत्तराचे वर्गमूळ. १ मिमी गुणिले ६६.७ चे वर्गमूळ, म्हणजे ८.२ मिमी. दोन पोकळ्या. ठोकळा स्वतः अडीच पोकळ्यांचा. म्हणजे तुळईचे भवितव्य ठरवणारा सबंध प्रदेश सुमारे सहा-सात पोकळ्या रुंद आहे, आणि त्या प्रदेशाला आपण एकसंध पदार्थ म्हणतो आहोत. नमुन्या-नमुन्यांत तो भार हलणारच, कारण ठोकळ्याच्या कडेखाली एखादी मोठी पोकळी आली की नाही यावर तो ठरतो. इथे मेशचे घटक एक मिमीचे केले काय आणि अर्ध्या मिमीचे केले काय, पदार्थाबद्दलची माहिती वाढत नाही. सूत्राचे उत्तर अधिक गुळगुळीत होते इतकेच. एक्स-रे टोमोग्राफीने फोमच्या खऱ्या भिंती घेऊन त्यांची मेश बनवता येते आणि संशोधनात ती बनवलीही जाते, पण पूर्ण तुळईसाठी तो खर्च क्वचितच परवडतो.

तर एकाच फोमच्या तीन ताकदी झाल्या: लहान नमुन्यातली दाबाची, खऱ्यापेक्षा कमी, पातळ गाभ्यातली कर्तनाची आणि अरुंद ठोकळ्याखालची रुतण्याची, दोन्ही एकसंध पदार्थाच्या हिशोबापेक्षा जास्त. पहिली आकडेवारी सिम्युलेशनला दिली आणि दुसऱ्या दोहोंशी तुलना केली, तर सिम्युलेशन सतत कमी उत्तर देणार हे चाचणी सुरू होण्याआधीच ठरलेले असते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे जुळेपर्यंत फोमची ताकद वाढवत नेणे. तो उपाय चुकीचा आहे असे मी सरसकट म्हणणार नाही. एकाच जाडीच्या गाभ्याचा, एकाच रुंदीच्या आधाराचा भाग बनवायचा असेल तर असा जुळवलेला आकडा त्या भागापुरता उपयोगी पडतो. फक्त त्याला फोमचा गुणधर्म म्हणू नये, आणि १० मिमीच्या किंवा ४० मिमीच्या गाभ्यासाठी तो वापरू नये.

पत्र्याबद्दल थोडक्यात. पत्र्याची ताण चाचणी चिकटवण्याच्या उष्णतेतून गेलेल्या पत्र्यावरच करावी. आपल्या तुळईत पत्रे चिकटवलेले आहेत, पण जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत पत्रा आणि फुगण्याआधीची भुकटी एकत्र लाटून मग सगळेच तापवले जाते आणि गाभा पत्र्यांच्या मध्येच फुगतो. तिथे चिकट थर नसतो हा मोठा फायदा, मात्र फुगण्याच्या तापमानाला लाटणीने आलेली कठीणता पूर्ण निघून जाते. शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा असा मऊ झाला तर त्याचे यील्ड प्रतिबल ३० मेगापास्कलच्या आसपास येते आणि आपल्या तुळईचा पत्रा यील्ड होण्याचा भार १८०० वरून ६२५ न्यूटनच्या जवळ घसरतो. मग कर्तन आणि रुतणे यांची चर्चाच उरत नाही. त्यामुळे अशा सँडविचसाठी उष्णतेनंतर पुन्हा कठीण करता येणारी मिश्रधातू निवडण्यात अर्थ असतो. चिकटवलेल्या सँडविचमध्ये जोडाची खात्री सपाट ताण चाचणीने, सी २९७ प्रमाणे, करावी आणि फुटीचा पृष्ठभाग फोमच्या आत आहे की गोंदाच्या थरात हे पाहावे. गोंद उघड्या पोकळ्यांमध्ये शिरतो आणि पहिला अर्धा थर भरीव करून टाकतो. पाच थरांच्या गाभ्यात वरचा आणि खालचा मिळून एक थर अशा रीतीने कमी झालेला असतो हेही विसरू नये.

एक उणीव देशपांडे-फ्लेक नमुन्याची स्वतःची आहे: तो फुटत नाही. दाबाखाली फोम साठ-सत्तर टक्के विकृतीपर्यंत शांतपणे बसत जातो, पण ताणात तो काही टक्क्यांत तुटतो. कर्तनाने कोसळणाऱ्या तुळईत गाभ्यात तिरका ताण असतोच, म्हणून चाचणीत काही मिमी झोलानंतर तिरका तडा जाऊन भार एकदम खाली येऊ शकतो, तर सिम्युलेशनमध्ये तोच भार आडवा पुढे चालत राहतो. ठरावीक विकृतीनंतर घटक काढून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु मग तडा घटकाच्या आकारावर अवलंबून राहतो. कोसळण्याच्या भारापुरते सिम्युलेशन वापरायचे असेल तर ही उणीव सोसण्यासारखी आहे. ऊर्जा किती शोषली जाईल असा प्रश्न असेल तर नाही.

या सर्वांतून तुळईची चाचणी कशी बदलावी? कर्तन ताकदच हवी असेल तर तुळई सीमेवरून हलवली पाहिजे. आधारांमधले अंतर २०० ऐवजी १५० मिमी केले की पत्रा यील्ड होण्याचा भार गाभ्याच्या वाट्यासह २४०० न्यूटन होतो. ठोकळा १० ऐवजी २५ मिमी रुंद केला आणि त्याखाली पातळ रबर ठेवले की रुतण्याचा भार २४८० वर जातो. कर्तनाचा भार मात्र जेमतेम १७०० न्यूटनच राहतो. आता कर्तनाला बाकीच्या दोघांपासून चाळीस टक्क्यांचे अंतर मिळाले आहे, म्हणजे पातळ गाभ्यामुळे कर्तन ताकद तेवढी वाढलेली निघाली तरीही तुळई कर्तनानेच कोसळेल आणि सी ३९३ चे सूत्र खरोखर लागू होईल. आधारांखालीही तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या ठेवाव्यात; तिथला भार निम्मा असला तरी लोंबता भाग अपुरा असेल तर खळगा तिथेही पडतो. मूळची २०० मिमीची तुळई टाकून द्यायची नाही. तिचे सिम्युलेशन करताना तिच्यातला एकही आकडा न जुळवता, नव्या तुळईतून आलेली कर्तन ताकद आणि जाड पाटीतून आलेली दाबाची ताकद घालून, ती रुतते की घसरते याचे भाकीत आधी लिहून ठेवायचे आणि मग चाचणी करायची.

जाडीचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर तुळई हे साधन अपुरे आहे, कारण जाडी बदलली की तिन्ही भार एकदम हलतात. त्यासाठी दोन पोलादी पाट्यांच्या मध्ये फोम चिकटवून त्या पाट्या समांतर सरकवण्याची सी २७३ ही चाचणी आहे, आणि १०, २० आणि ४० मिमी अशा तीन जाड्या, म्हणजे अडीच, पाच आणि दहा पोकळ्या, एकाच ठोकळ्याच्या एकाच उंचीवरच्या कापांतून घेतल्या तर वाढ सरळ मोजता येते. त्या मानकात नमुन्याची लांबी जाडीच्या निदान बारापट लागते. १० मिमीला १२० मिमी पुरते, २० ला २४०, आणि ४० मिमीच्या नमुन्याला जवळजवळ अर्धा मीटर लांबीची, सारख्या घनतेची पाटी आणि तिच्याहून लांब, न वाकणाऱ्या पोलादी पाट्या लागतात. बहुतेक यूटीएमवर (ताण-दाबाच्या चाचणी यंत्रावर) तिला जागा होते. सारख्या घनतेची अर्धा मीटर पाटी मिळवणेच अवघड असते, आणि म्हणून दहा पोकळ्यांचा तो तिसरा बिंदू बहुतेक आलेखांवर नसतो.